जुनी मोटर, नवी पेटी आणि आपला हिशेब

(पुणे शहरात झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावा म्हणून छापत आहोत.)



काल संध्याकाळी आपल्यातले सात-आठ जण बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरून आले. कोणी परभणीचे, कोणी यवतमाळचे, कोणी मंगळवेढ्याचे. पुण्यात विजेचे सामान घ्यायचे म्हटले की माणूस त्या गल्लीत जातोच. रात्री जेवताना सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. 'व्हीएफडी' नावाची पेटी मिळते, ती बसवली की म्हणे जुनी मोटर जळत नाही, घरच्या लाइटवर चालते, दोन फेजवर चालते, सोलरवर चालते आणि बिल निम्म्यावर येते. एकाने तर पैसे मोजायला काढले होते. सोबत्यांनी हात धरला म्हणून निर्णय आजच्या सकाळपर्यंत लांबला.

मला आज कापसाच्या वेचणीच्या मजुरीवर बोलायचे होते. ते दुपारी बोलू. आधी ही पेटी उघडून बघू. मी शेतकी पदवीधर, विजेचा इंजिनिअर नाही. पण अशी पेटी मी माझ्या पैशाने घेतली आहे आणि माझ्याच चुकीने जाळलीही आहे. तेव्हा दोन शब्द सांगण्याचा अधिकार मी पैसे भरून मिळवला आहे असे समजा.

मोटर जळते त्याची खरी किंमत

बागायतदाराची मोटर जळाली तर त्याचे दोन दिवस जातात. कोरडवाहूवाल्याची जळाली तर हंगाम जातो. आपल्या विहिरीत पाणी असते ते एका-दोन पाळ्यांपुरते. कपाशीला फुले-पाते लागताना आणि बोंडे भरताना एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी, एवढ्यासाठीच ती पाच अश्वशक्तीची मोटर वर्षभर विहिरीवर बसलेली असते. नेमक्या त्या आठवड्यात वायंडिंग गेले, तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे दहा मोटरी आधीच रांगेत असल्या, की चार दिवस गेले. ज्वारी थांबत नाही. म्हणून जळालेल्या मोटरीचा हिशेब वायंडिंगच्या बिलाने करू नका, हुकलेल्या पाण्याने करा.

आता मोटर जळते कशाने? कारणे तीन. एक, दाब कमी. लाइनच्या शेवटी ४१५ व्होल्टऐवजी ३२०-३३० मिळतात. दाब कमी पडला की तेच काम करायला मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते. दोन, चालता चालता एक फेज जाते. मोटर गुणगुणत फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो आणि त्यांचा प्रवाह पावणेदोन पटीपर्यंत चढतो. तीन, लाइट आली की गावातले सगळे 'ऑटो' एकदम टाकतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. पन्नास मोटरींनी एकाच क्षणी तो ओढला की दाब कोसळतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो. मग सगळ्यांचेच पाणी बंद.

पेटीत असते काय?

आपली थ्री फेज मोटर म्हणजे अगदी साधा जीव. १८८०-९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत तिचा शोध लागला, आणि आजही आत तेच आहे: बाहेर तांब्याची वेटोळी, मध्ये पिंजरा. तिचा वेग ठरतो विजेच्या वारंवारतेवर. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला तीन हजारांच्या आत आणि चार ध्रुवांची दीड हजारांच्या आत फिरते. मालकाला त्यात फरक करता येत नव्हता.

व्हीएफडी तो फरक करते. आलेली वीज ती आधी बॅटरीसारखी एका दिशेची करते आणि मग तिचे बारीक तुकडे करून हव्या त्या वारंवारतेची थ्री फेज वीज पुन्हा बनवते. तुकडे करणारे बटण सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते. त्या बटणाचे नाव आयजीबीटी. ते विकसित करणारे बी. जयंत बालिगा मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. १९८० च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये हे काम केले, आणि त्यासाठी २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा ही पेटी जादूही नाही आणि फसवणूकही नाही. यंत्र खरे आहे. दावे तेवढे एकेक करून तपासायचे.

दावा पहिला : बिल निम्मे

बिल कोणाचे? २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. त्याआधीही ज्यांना मीटर नव्हते त्यांना आकारणी अश्वशक्तीवरच होती. जे बिल पंपाच्या युनिटवर येतच नाही, ते पेटी कमी कशी करणार?

शिवाय विहिरीचे गणित वेगळे आहे. कारखान्यातला पंखा हळू फिरवला की वीज फार वाचते, हे खरे. वेग निम्मा केला तर ताकद आठव्या हिश्श्याने लागते. पण पंपाला पाणी वर उचलायचे असते. पंपाची पाणी चढवण्याची ताकद वेगाच्या वर्गाने कमी होते. समजा तुमचा पंप ५० आवर्तनांवर जास्तीत जास्त ३२ मीटर पाणी चढवतो आणि तुमची चढण १८ मीटर आहे. ४० वर आणला तर तो साडेवीस मीटरच चढवतो, म्हणजे पाणी येईल, पण बारीक. ३७ वर आणला तर साडेसतरा मीटर. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी मात्र थेंबभर नाही. आतले पाणी घुसळून तापते आणि सील जाते. वेग कमी म्हणजे बचत, हे विहिरीवर सरसकट खरे नाही.

दावा दुसरा : घरच्या लाइटवर चालते

हा दावा अर्धा खरा आहे, आणि आपल्या कामाचा आहे. घरच्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणाऱ्या पेट्या मिळतात, पण त्यांतली साधी पेटी बाहेर थ्री फेज देते तीही २३० व्होल्टचीच. तुमच्या मोटरीच्या पत्र्यावर लिहिलेले असते ४१५. मग?

मोटरीचे टर्मिनलचे झाकण उघडा. आत सहा टोके असतील आणि जोडणी स्टार असेल, तर तिच्या प्रत्येक वेटोळ्यावर मुळातच २४० व्होल्ट पडतात. ती जोडणी डेल्टा केली की तीच मोटर २३० वर पूर्ण ताकदीने चालते. दोन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी बहुधा अशा असतात. फक्त अँपिअर पावणेदोन पट होतात. साडेतीनची मोटर सहा घेते. तेव्हा पेटी पत्र्यावरच्या आकड्याने नव्हे, या नव्या आकड्याने घ्यायची.

पाच अश्वशक्तीची मोटर मात्र बहुधा आधीच डेल्टात असते. तिला २३० दिले तर ती जेमतेम २७-२८ आवर्तनांपर्यंतच धड ताकद देईल. आत दाब वाढवून ४१५ देणाऱ्या पेट्याही मिळतात, पण त्यांचा सगळा भार तुमच्या घरच्या एका फेजवर येतो. दोन अश्वशक्तीलाच घरच्या बाजूने बारा-तेरा अँपिअर लागतात. दिव्याच्या बारीक वायरवर हे जोडले तर मोटर जळायची ती राहील आणि घर पेटेल. शिवाय घरगुती जोडणीवर कोणते यंत्र चालवता येते, हे वीज कचेरीत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दावा तिसरा : दोन फेजवर चालते

गावात हे पूर्वीपासून चालू आहे. कॅपॅसिटर टाकून तिसरी फेज 'बनवायची' आणि मोटर ओढून न्यायची. त्यात तिन्ही वेटोळ्यांना सारखा प्रवाह मिळत नाही, म्हणून मोटर तापते. पेटीचे तसे नाही. दोन फेजांमध्ये पूर्ण ४१५ व्होल्ट असतील, तर दुप्पट क्षमतेची पेटी त्यातून नीट थ्री फेज काढून देते. त्याच क्षमतेची पेटी घ्याल तर ती एक फेज गेल्याबरोबर बंद पडेल. तशी ती पडावी यासाठीच बनवलेली असते.

पण भावांनो, एकाची मोटर चालेल म्हणजे सगळ्यांची चालेल असे नाही. ज्या तासांत थ्री फेज नसते, त्या तासांत दहा जणांनी अशी मोटर चालवली, तर दोन फेजांवर सगळ्या गावाचा भार येतो आणि डीपी जातो. जळालेला डीपी बदलून येईपर्यंत शिवारात कोणालाच पाणी नाही. ही वाट मी तुम्हाला सांगणार नाही.

दावा चौथा : सोलरवर चालते

चालते. सोलर पंपाच्या खांबावरची पेटी म्हणजे आतून व्हीएफडीच. ऊन वाढले की आवर्तने वाढवते, ढग आला की कमी करते. पण जुन्या ४१५ व्होल्टच्या मोटरीला पूर्ण वेग हवा असेल तर पॅनेलांकडून सुमारे ५९० व्होल्ट मिळाले पाहिजेत. एक पॅनेल कामावर असताना साधारण ४० व्होल्ट देते, मग ते ३३५ वॉटचे असो की ५४० चे. म्हणजे पंधराच्या आसपास पॅनेल एका माळेत हवेत. पाच अश्वशक्तीला लागणारी पाच किलोवॉटची ताकद मोठ्या पॅनेलांत नऊ-दहा नगांत भरते, पण त्यांचे व्होल्ट चारशेच्या आतबाहेरच होतात. ताकद भरली, दाब भरला नाही. मोटर दुपारी बारालाही अर्धवट फिरते. पॅनेल घेण्याआधी दुकानदाराला वॉट विचारू नका, माळेचे व्होल्ट विचारा.

आणि ज्यांच्याकडे जोडणीच नाही त्यांनी जुन्या मोटरीचा मोह धरू नये. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के ठेवला आहे. त्यात पंप, पॅनेल आणि पेटी एकमेकांना जुळणारी येतात.

जुन्या मोटरीला काय सोसावे लागते

पेटीतून येणारी वीज लाइटीसारखी गुळगुळीत नसते. ती टोकदार असते. आतला दाब ५८७ व्होल्टच्या घरात, आणि केबल लांब असली की मोटरीच्या तोंडाशी तो दुपटीपर्यंत उसळू शकतो, म्हणजे हजार-अकराशे व्होल्ट. सेकंदाला हजारो वेळा. वीस वर्षांपूर्वीचे वायंडिंग, त्यात दोनदा रिवाइंड केलेले, त्याचे वार्निश हा मार किती दिवस खाणार? म्हणून पेटी आणण्याआधी आणि बसवताना एवढे करा:

एक, मोटर मेगरने तपासा. वायंडिंग आणि बॉडी यांच्यात पाच मेगओहमच्या वर आले तर ठीक. एकच्या खाली आले तर पेटी लावूच नका, आधी मोटर वाळवा किंवा वायंडिंग करा. करताना दुहेरी मुलाम्याची तार, फेजांमध्ये कागद आणि दोनदा वार्निश मागा.

दोन, पेटी मोटरीजवळ ठेवा. केबल वीस-पंचवीस मीटरपेक्षा लांब असेल, आणि बोअरमध्ये ती असणारच, तर पेटीच्या बाहेर चोक बसवा. पेटीतला उघडझापीचा वेग दोन ते चार किलोहर्ट्झवर ठेवा.

तीन, बोअरची मोटर ३० आवर्तनांच्या खाली चालवू नका, आणि सुरू केल्यावर एक-दोन सेकंदांत ३० वर न्या. तिच्या खालच्या बेअरिंगला त्याहून हळू फिरताना पाण्याचा थर मिळत नाही. विहिरीवरच्या मोटरीचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. ती हळू फिरली की वारा कमी आणि मोटर गरम.

चार, दाब कमी असेल तर वेगही कमी ठेवा. लाइनला ३३० असतील तर ४० आवर्तने. पेटी दाब पैदा करत नाही. आणि पाणी तेवढ्यावर चढते का, हे मघाच्या हिशेबाने बघा.

पाच, अर्थिंग खरे हवे. पेटीत धूळ, उंदीर, पाल शिरणार नाही पण वारा खेळेल अशी जागा हवी. लाइट बंद केल्यावरही आत जीवघेणा दाब काही मिनिटे राहतो. दहा मिनिटे थांबल्याशिवाय झाकण उघडू नका.

आता माझी चूक सांगतो. वडिलांची जुनी पाच अश्वशक्तीची मोटर. मी पेटी आणली, जोडली, सुरू केली. पहिल्या दिवशी दोनदा बंद पडली. दुसऱ्या दिवशी चारदा. मी पेटीला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आतून फाटकन आवाज आला आणि धूर निघाला. कारण काय, तर जुन्या स्टार्टरच्या डब्यात मोटरीला जोडलेला कॅपॅसिटर तसाच राहिला होता. लाइनवर तो उपकार करतो, म्हणूनच वीज कंपनी तो बसवायला सांगते. पेटीच्या पुढे मात्र तो शत्रू. पेटी आणि मोटर यांच्यामध्ये कॅपॅसिटर नको, स्टार्टर नको, काहीही नको. माझ्याजवळ डिग्री होती, पण माहितीपुस्तिकेचे हे पान मी वाचले नव्हते.

कडबाकुट्टीचा विचार वेगळा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात असताना त्यांनी शेतकऱ्यासाठी जी पहिली यंत्रे केली, त्यांत लोखंडी नांगर होता आणि कडबा कापण्याचे यंत्रही होते. आज तेच यंत्र दोन-तीन अश्वशक्तीच्या मोटरीवर ज्वारीवाल्याच्या दारात उभे आहे. थ्री फेज लाइट रात्री आली तर रात्री कुट्टी करायची, ही आपल्या मायबहिणींची पाळी. घरच्या लाइटवर दोन अश्वशक्तीची जुनी मोटर पेटीवर दिवसाउजेडी चालली, तर हा फायदा मला बिलाच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो.

पण तीन गोष्टी लिहून घ्या. 'लाइट आल्यावर आपोआप सुरू' हे कलम पेटीत बंदच ठेवा. लाइट गेली म्हणून बाई अडकलेली पेंढी काढायला हात घालते, आणि तेवढ्यात लाइट येते. काय होईल ते मी सांगायला नको. दुसरे, ५० आवर्तनांच्या वर कधीही नेऊ नका. पाती आणि चाक त्यासाठी बनवलेले नसते. तिसरे, लाल बटण उभे राहिल्या जागी हाताला येईल असे बसवा.

मग घ्यायची की नाही?

ज्याच्या दारात फक्त सिंगल फेज आहे आणि कडबाकुट्टीची लहान मोटर स्टारमध्ये आहे, त्याने विचार करावा. ज्याच्याकडे पंधरा पॅनेलांची माळ होईल त्याने करावा. बाकीच्या बहुतेकांना माझे सांगणे असे: आधी एक फेज गेली की मोटर थांबवणारा प्रिव्हेंटर बसवा, स्टार्टरचा ओव्हरलोड पत्र्यावरच्या अँपिअरला लावा, फ्यूजला तारेचा तुकडा न बांधता योग्य फ्यूज घाला, अर्थिंग करा आणि 'ऑटो' काढून टाका. पेटीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मोटर जळण्याची बहुतेक कारणे संपतात.

एक कारण तरीही उरते, ते म्हणजे कमी दाब. ते तुमच्या विहिरीवर नाही, लाइनवर आहे. १९५६ च्या वीज नियमांनीच सांगितले होते की ग्राहकाच्या दारी दाब ठरल्यापेक्षा सहा टक्क्यांहून खाली-वर जाता कामा नये. ४१५ चे सहा टक्के वजा केले की ३९० उरतात. २००३ च्या वीज कायद्याच्या ५७ व्या कलमात सेवेची मानके आणि ती न पाळल्यास भरपाई आहे. वीज फुकट मिळते म्हणून ती कशीही चालेल, असे कोणी म्हणत असेल तर त्याला विचारा: २८० व्होल्टच्या फुकट विजेने जळालेली मोटर कोणाच्या पैशाने भरायची? लाइनचा दोष झाकण्यासाठी आपण खिशातून पेट्या विकत घ्यायच्या, हा हिशेब मला पटत नाही.

म्हणून जाताना एक काम घेऊन जा. प्रत्येक डीपीमागे एक वही करा. ज्याला मीटर लावता येतो अशा एका पोराकडे ती द्या. पंधरा दिवस, मोटरी चालू असताना, तिन्ही फेजांचा दाब, तारीख आणि वेळ लिहायची. ज्या मोटरी जळाल्या त्यांची तारीखही शेजारी लिहायची. पुढच्या जिल्हा बैठकीला वही घेऊन या. 'आमच्याकडे लाइट बरोबर नाही' हे म्हणणे वीज कचेरीत कोणी ऐकत नाही. तारीख, वेळ आणि आकडा समोर ठेवला की ऐकावे लागते.

आणि काल ज्या भावाने पैसे बाहेर काढले होते, त्याने गावी जाऊन आधी मोटरीचे झाकण उघडावे. जोडणी स्टार की डेल्टा, मेगर किती, केबल किती मीटर, हे चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठी हातात असली म्हणजे तपकीर गल्लीत दुकानदार बोलेल ते ऐकायची पाळी येणार नाही. आपण विचारू आणि तो उत्तर देईल.